व्हरांड्यातली वेळ

"बुधवारी तारीख आहे, आणि मला रविवारी कळतंय," थोरला उंबऱ्यातूनच म्हणाला. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. मागे त्याची बायको पिशवी सावरत उभी होती. भांडणाचा पहिला भाग दोघांनी बसमध्येच उरकला होता, हे त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं.

"आत तरी ये," आई म्हणाली. "तारीख काही पळून जात नाही."

धाकटी आधीच येऊन बसली होती. इस्पितळातून पाळी बदलून घेऊन आली होती आणि तिच्या अंगाला अजून त्या जंतुनाशकाचा वास येत होता. अण्णा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते, तोंड बागेकडे करून. बाग म्हणजे किती, तर अकरा पावलं लांब आणि चार पावलं रुंद. एक लिंबाचं झाड, कुंपणावर चढलेली एक हट्टी वेल, पाखरांसाठी पाण्याचं मातीचं भांडं, आणि कोपऱ्यात अण्णा कुणाला उपटू देत नसत ते गवत. एवढ्याशा जागेची रोजची नोंद अण्णांनी एकतीस वर्षं ठेवली होती. वेधशाळेत होते तेव्हा पावसाची आणि वाऱ्याची नोंद सरकारसाठी करायचे, बागेची स्वतःसाठी. नोकरी संपली, बाग उरली.

नोंदीच्या त्या पुस्तकाला घरात नुसतं 'वही' म्हणत. आतापर्यंत तशा बावीस वह्या झाल्या होत्या, तरी शब्द एकवचनीच. वहीचे नियम पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते. शाईने लिहायचं. खोडायचं नाही. मागाहून भर घालायची नाही. पानावर पहिली ओळ सूर्योदयाची. आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक अक्षर, डोळ्यांनी पाहिलं असेल तर 'प', नुसतं ऐकलं असेल तर 'ऐ'. लहानपणी शाळेतली एखादी भानगड रंगवून सांगायला लागलं की अण्णा मध्येच विचारायचे, "'प' की 'ऐ'?" आणि निम्मी भानगड तिथेच गळून पडायची.

दीड वर्षापूर्वी राजधानीतून हुकूम निघाला आणि अख्ख्या देशाची घड्याळं अर्धा तास पुढे गेली. शेजारच्या देशांच्या आधी आपण जागं व्हायला हवं, असं भाषणात सांगितलं गेलं. आईने स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढे केलं, कारण नळाला पाणी नव्या वेळेने यायला लागलं आणि पाण्यापुढे कुणाचं चालतं? अण्णांनी व्हरांड्यातलं केलं नाही. "बुलबुलांना अजून हुकूम पोचलेला नाही," म्हणाले. तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. पुढे जुनी वेळ पाळणं हा गुन्हा ठरला, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद, आणि हसणं बंद झालं. घड्याळ मात्र होतं तसंच राहिलं. व्हरांड्याच्या आतल्या भिंतीवर कोण बघायला येतंय, असं जो तो मनाशी म्हणाला आणि विषय टाळला. हे घर विषय टाळण्यात पहिल्यापासून हुशार.

आता तो विषय दारातून चालत आत आला होता, चपलांसकट.

*

थोरल्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि मांडीवर सपाट केला. शेजारच्या बाईने वकिलाकडून आणलेली नक्कल होती.

शेजारच्या घरात एक मुद्रितशोधक राहायचा. वर्तमानपत्रात छापायच्या आधीचा मजकूर तपासायचा, म्हणून गल्लीत त्याला सगळे कानामात्रा म्हणत. वाण्याच्या पाटीवरची चूकसुद्धा खिशातल्या पेन्सिलीने दुरुस्त करून पुढे जायचा आणि वाणी रोज नव्याने चिडायचा. त्याच्या वर्तमानपत्राने एका अंकात बेपत्ता माणसांची यादी छापली. दुसऱ्या दिवशी छापखान्याला टाळं लागलं. यादी कानामात्राने तपासली होती. सव्वा महिन्यापूर्वीच्या गुरुवारी तो स्वतः त्या यादीत जाऊन बसला. त्याची बायको घरी बसून लोकांचे कपडे शिवायची. तिने कोर्टात अर्ज केला, माझा माणूस हजर करा. त्यावर सरकारचं उत्तर आलं, तेच थोरल्याच्या मांडीवर होतं. ते खोडून काढायला तिला बुधवारी त्या सकाळची वहीतली नोंद कोर्टात हवी होती.

"सरकार म्हणतं त्याला कुणी नेलंच नाही," थोरला म्हणाला. "त्या गुरुवारी सकाळी साडेसहाला तो आपल्या पायांनी सीमेकडच्या बसमध्ये बसला. आगाराच्या रजिस्टरात सही आहे. देश सोडून गेला, विषय संपला. आता आपली ओळ काय आहे नक्की?"

अण्णांनी तोंड न वळवता म्हणून दाखवली. "सहा वीस. पांढरी व्हॅन. चार माणसं. शेजारच्याला नेलं. अंगात बनियन, पायात चप्पल नाही. 'प'."

"आणि पुढे?"

"सहा चोवीस. बुलबुल. अळी घेऊन पिल्लांकडे. 'प'."

ती पिल्लं अकराव्या दिवशी उडून गेली होती आणि रिकामं घरटं लिंबाच्या फांदीत तसंच होतं, हातात मावेल एवढं.

"वहीतले सहा वीस म्हणजे जुनी वेळ," धाकटी म्हणाली. "नव्या वेळेने सहा पन्नास. साडेसहाला बसमध्ये बसलेला माणूस सहा पन्नासला बनियनवर आपल्या दारासमोर कसा? खोटं पडलं की सरकार. दादा, यात एवढं काय आहे? वही द्यायची, अण्णांनी उभं राहून सांगायचं माझं घड्याळ जुनं आहे. झालं."

"झालं?" थोरला म्हणाला. "माझं काय होईल, माहीत आहे?"

थोरला नोंदणी कार्यालयात होता. तिथे दर महिन्याच्या एक तारखेला एक छापील कागद यायचा. 'मी राष्ट्रीय वेळ पाळतो व माझ्या कुटुंबाच्या घरातही ती पाळली जाते.' खाली सही. दीड वर्षात त्याने अठरा सह्या केल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्यांसमोर व्हरांड्यातलं हे घड्याळ यायचं. त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाचे सासरे जुन्या वेळेने देवाचं करतात असं कुणीतरी कळवलं. तो माणूस महिन्याभरात दिसेनासा झाला. बदली, असं सांगितलं. कुठे, हे कुणी विचारलं नाही. थोरल्यानेही नाही. त्याचा डबा अजून टेबलाच्या खणात होता आणि थोरल्याला तो खण उघडायची भीती वाटायची.

"माझं एक ऐका," तो म्हणाला. आवाज खाली आणला होता, बसमध्ये तालीम करून आलेला आवाज. "वही द्यायचीच नाही असं मी म्हणत नाही. आख्खी वही नको. त्या एका ओळीची नक्कल करून देऊ. सहा वीस. घड्याळाबद्दल कुणी विचारलं नाही तर आपण बोलायचं नाही. शेजारधर्म पण झाला आणि आपल्यावर पण काही नाही."

धाकटीने बोटांवर हिशेब केला. थोडा वेळच लागला. "आगार इथून पाच मिनिटांवर आहे," ती सावकाश म्हणाली. "सहा वीसला घरातून निघाला, साडेसहाला बस. सरकारी वकील म्हणेल, बघा, शेजारीसुद्धा तेच सांगतात. चार मित्र सोडायला आले होते."

"बनियन?" अण्णांनी विचारलं.

"म्हाताऱ्या माणसाची नजर, म्हणेल." तिने भावाकडे पाहिलं. "दादा, हे तुला आधीच कळलं होतं ना?"

थोरल्याने कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "मला कळलं होतं," तो म्हणाला. "कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. आता तू मला नालायक म्हण, काय म्हणायचं ते म्हण."

"मी काही म्हणत नाही."

"तेच तुझं वाईट आहे लहानपणापासून."

"पुरे," अण्णा म्हणाले. ते खुर्चीत ताठ बसले होते, वेधशाळेच्या निरोपसमारंभाच्या फोटोत बसले आहेत तसे. "मी जाणार. मी सांगणार घड्याळ जुनं आहे म्हणून. मला शहात्तर वर्षं झाली, मला काय दोन वर्षं कैद आणि काय नाही. सूर्य त्या दिवशी सहा वाजून दोन मिनिटांनी उगवला. पानावर पहिली ओळ तीच आहे. सरकारी पंचांगात सहा बत्तीस छापलंय. कोणत्याही जज्जाला बेरीज-वजाबाकी येते."

त्यांच्या आवाजात एक ताठा होता, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही होती. एकतीस वर्षं ज्या वहीची घरच्यांनी थट्टा केली, तिला शेवटी कोर्टाने बोलावलं होतं.

*

धाकटीला वडिलांचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी तिच्यातली नर्स जागी झाली. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शस्त्रक्रियेची तारीख दोनदा पुढे गेली होती, कारण इस्पितळाचे दोन मजले 'राखीव' झाले होते आणि कुणासाठी राखीव हे विचारायचं नसतं. मघाशी तिने चहाचा कप पुढे केला तेव्हा अण्णांचा हात कपाच्या शेजारून गेला होता. सरकारी वकील काय करेल? तीन बोटं वर करेल आणि विचारेल, किती?

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्हाला इथून शेजारचं दार दिसतं?"

"दार कशाला, दाराची कडीसुद्धा."

"मग व्हॅन पांढरी होती हे तुम्ही पाहिलंत?"

लिंबात काहीतरी चिवचिवलं आणि अण्णांचं डोकं सवयीने तिकडे वळलं.

धाकटी उठली, फळीवरून वही काढली. कितीतरी वर्षांत तिने ती उघडली नव्हती. कुणीच उघडली नव्हती. तिला अण्णांचं अक्षर आठवत होतं, उभं, टोकदार, वेधशाळेच्या तक्त्यांत बसणारं. पानावरचं अक्षर तसं नव्हतं. गोल, जरा उजवीकडे कललेलं, शिरोरेघ मध्येमध्ये तुटलेली. शाळेच्या डब्यात निरोपाची चिठ्ठी यायची त्या अक्षरात. तिने मागची पानं उलटली. सहा महिने मागे तेच अक्षर. वर्षभर मागे तेच.

"आई," तिने हाक मारली. "जरा बाहेर ये."

आई ओले हात पुसत दारात आली. सकाळपासून तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"हे तू लिहितेस?"

आईने नवऱ्याकडे पाहिलं. हे गुपित होतं आणि ते तिने नीट सांभाळलं होतं. "दोन वर्षं होतील," ती म्हणाली. "यांना पानावरच्या रेघा दिसेनात. मग हे ऐकतात ते सांगतात, मी 'ऐ' लिहिते. मला दिसतं ते मी बघते, 'प' लिहिते. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले. आयुष्यभर माझ्यापेक्षा त्या बुलबुलाची चौकशी जास्त केली, म्हातारपणी तोच माझ्या गळ्यात बांधला."

एरवी यावर हसू आलं असतं. थोरला मात्र एकदम उभा राहिला.

"म्हणजे साक्षीदार आई आहे."

"हो," आई म्हणाली. "मी केव्हाची तेच सांगायला बघतेय. तुमचं बोलणं संपेल तर ना."

*

यानंतर त्या व्हरांड्यात जे झालं ते धाकटीने पुढे पुष्कळ वर्षं मनात उगाळलं. कुणीच वाईट वागलं नाही, म्हणून ते जास्त लागलं.

आधी अण्णा फिरले. ताठ बसलेला माणूस खुर्चीत हळूहळू खाली आला. "मग नको," ते म्हणाले.

"अण्णा?"

"थोरला म्हणतो तसं करू. ओळीची नक्कल देऊ. घड्याळाचं बोलायचं नाही."

"अण्णा, आत्ता तुम्ही काय म्हणत होतात?"

"मी माझ्याबद्दल म्हणत होतो," अण्णा म्हणाले. "तिच्याबद्दल नाही."

धाकटीला चिडायचं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर ते राखीव मजले आले. तिथे तीन आठवड्यांपूर्वी एका बाईला आणलं होतं, आईच्याच वयाची असेल. पायांवर सूज. नाव लिहायच्या जागी आकडा. धाकटीने तिला पाणी पाजलं तेव्हा तिने विचारलं, किती वाजले? आणि धाकटीला, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, भावाला नैतिकता शिकवणाऱ्या धाकटीला, उत्तर द्यायची भीती वाटली. कोणती वेळ सांगायची? तिने ऐकलंच नाही असं दाखवलं.

"आई, तू नको जाऊस," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिलाच परका वाटला. "दुसरं काहीतरी बघू. वकील बघेल."

असे तिघे एका बाजूला आले. थोरल्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला फक्त थकवा आला. त्याने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिने तो राहू दिला.

सूनबाई इतका वेळ दारालगतच्या स्टुलावर बसून शेंगा निवडत होती. या घरात येऊन तिला चौदा वर्षं झाली होती, आणि महत्त्वाच्या बोलण्यात हाताला काहीतरी काम हवं हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. येताना बसमध्ये तिनेच नवऱ्याला बजावलं होतं, नक्कल द्यायची, वही नाही. माझ्या मुलीचा बाप मला घरी हवा. ते तिला आत्ताही हवंच होतं. तरी पण तिच्या तोंडून निघालं, "आईंना विचारलं का कुणी?"

तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"नाही, म्हणजे, त्यांनी पाहिलंय ना," ती म्हणाली. "आपण सगळे 'ऐ' आहोत."

आई खाली बसली. खुर्ची होती, पण ती पायरीवर बसली, बागेकडे तोंड करून.

"मी इथेच उभी होते," ती म्हणाली. "हातात पेन. सूर्याची ओळ लिहून झाली होती. हे आत चूळ भरत होते. व्हॅन आली तेव्हा मला वाटलं दुधाची. मग ते चौघं त्याला घेऊन बाहेर आले. ओढत नव्हते. दोघांनी दंडाला धरलं होतं, नवरदेवाला धरतात तसं. तो खाली बघत होता. बहुतेक चप्पल शोधत होता. मग त्याने वर पाहिलं. मी दिसले त्याला. काकू, म्हणाला."

"आई, हे तू कधी बोलली नाहीस," थोरला म्हणाला.

"काकू, एवढंच. ओरडला नाही. लिंबं मागायला यायचा तेव्हा हाक मारायचा ना, तशीच. आणि मी ओ दिली नाही रे. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. मी ओरडले असते तर चार दारं उघडली असती. नसतीही उघडली. पण मी काय केलं? मी मान वळवून घड्याळ बघितलं. दोन वर्षांची सवय. सहा वीस. आणि खाली बघून लिहायला लागले. वर बघेपर्यंत गल्ली रिकामी. त्याची बायको मागच्या खोलीत होती, तिला मशीनच्या आवाजात पत्ता नाही. आणि मग बुलबुल आला. तोही लिहिला मी. त्याच शाईने, त्याच हाताने." तिने आपल्या हाताकडे पाहिलं. "एवढं झालं आणि त्या पाखराला काही नाही. अळी आणली, भरवली, परत गेलं. मला त्याचा इतका राग आला. मग वाटलं, त्याचं बरोबर आहे, त्याला पिल्लं आहेत. माझ्यात आणि त्याच्यात मग फरक काय राहिला?"

अण्णांच्या घशातून आवाज आला. त्यांना 'अगं' म्हणायचं असावं.

"काकू म्हणाला ते मी वहीत लिहिलं नाही," आई म्हणाली. "आता लिहिता येत नाही. मागाहून भर घालायची नाही. मग ते मी कुठे सांगायचं? बुधवारीच सांगायला लागेल."

*

जेवणं झाली. झाली म्हणजे ताटं पुढे आली आणि परत गेली. सूनबाई आणि धाकटी भांड्यांना लागल्या. थोरला शेजारच्या घरी गेला होता, काय बोलायचं ते न ठरवता.

आई चष्मा विसरला म्हणून व्हरांड्यात आली, तर अण्णा खुर्चीवर चढलेले. एक हात भिंतीला, एक घड्याळावर. बोटांनी काटा चाचपत होते.

"अहो, पडाल."

"पडत नाही."

घड्याळात सव्वादोन वाजले होते. आत स्वयंपाकघरातही सव्वादोन. दीड वर्षात पहिल्यांदा दोन्ही घड्याळांचं एकमत झालं होतं. आईला ते बघवेना.

"हे काय केलंत?"

"आता ही वेळ नवी आहे," अण्णा खुर्चीवरूनच म्हणाले. "तू सांग, पहिल्यापासून नवीच होती. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, तो काहीही सांगतो, असं सांग. मी वेडा ठरलो तर ठरू दे."

"आणि सूर्य?"

अण्णांचं बोट काट्यावरच राहिलं.

"रोजचा सूर्य लिहिलाय मी," आई म्हणाली. "तुम्हीच लिहायला लावलात. त्याचं काय करू? पानं फाडू?"

"फाड," अण्णा म्हणाले.

एकतीस वर्षांत या माणसाने वहीतला एक डागसुद्धा पुसू दिला नव्हता. आईने त्यांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं, खुर्चीची बैठक पुसली आणि त्यांना तिच्यावर बसवलं. ते रडत होते, डोळे न मिटता. तसेही त्या डोळ्यांचा उपयोग आता तेवढाच होता.

"तू गेल्यावर मी काय करू?" ते म्हणाले.

"ऐका," आई म्हणाली. "तुम्हाला ऐकू येतं अजून."

तिने घड्याळाला हात लावला नाही. ते तसंच पुढे चालत राहिलं.

*

बुधवारी सकाळी शेजारची बाई फाटकाशी येऊन उभी राहिली. तिने स्वतः शिवलेल्या कापडी पिशवीत वही ठेवायची असं ठरलं होतं. दुसरी पिशवी आईची. तिच्यात एक जोडी कपडे, गोळ्या आणि चष्म्याची जुनी फ्रेम, नवी फुटली तर असू दे म्हणून. हे सगळं सूनबाईने भरलं होतं. ती आणि धाकटी आदल्या संध्याकाळपासून इथेच होत्या. थोरला येणार नाही असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. त्याच्या कार्यालयाचा दिवस होता.

तो आला. कार्यालयाचे कपडे, कार्यालयाची बॅग. "मी आगारापर्यंत सोडतो," म्हणाला. आगारापुढे काय, ते बोलला नाही. आईची पिशवी त्याने आपल्या खांद्याला लावली. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याची कॉलर सरळ केली.

"अहो, येते," आई म्हणाली.

अण्णांनी मान हलवली. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. "पाण्याचं भांडं भरलंस का?" ते म्हणाले.

"भरलं."

फाटक वाजलं. धाकटी आणि सूनबाई कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेल्या. घरात अण्णांशिवाय कुणी उरलं नाही.

अण्णा उठले. खुर्ची भिंतीशी ओढली, चढले, आणि बोटांनी चाचपून मोठा काटा उलटा फिरवला. सहावर असलेला काटा बारावर आणला. अर्धा तास मागे. खाली उतरायला त्यांना वेळ लागला. वही तर गेली होती. फळीवर चाचपडल्यावर नव्या वहीचा कडक पुठ्ठा हाताला लागला, आईने आणून ठेवलेली तेविसावी. तिच्यातच पेन अडकवलेलं होतं.

त्यांनी पहिलं पान उघडलं आणि एका हाताच्या बोटाने ओळ धरून दुसऱ्या हाताने मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं. सूर्याची ओळ त्यांनी सोडून दिली. तो त्यांनी पाहिला नव्हता आणि सूर्य ऐकू येत नाही.

'सात वाजता. ती निघाली. पायात चप्पल आहे. ऐ.'

लिंबात बुलबुल बोलला, अगदी जवळ, दोनदा. अण्णांनी पेन उचललं नाही. चपलांचा आवाज अजून गल्लीत होता.

मग तो कोपऱ्यावरून वळला.